बंडीपासून मोटारीपर्यंत : वऱ्हाडातील पत आणि हप्ता

वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड, ही म्हण तुम्ही ऐकली असेल. अमरावतीहून अकोल्याकडे जाताना दोन्ही बाजूंची काळीभोर जमीन पाहिली म्हणजे ती पटतेही. पण ही सोन्याची कुऱ्हाड एकदा कर्जापायी गहाण पडली होती आणि ती पुन्हा सुटली नाही, ही गोष्ट आपण सहसा सांगत नाही.

झाले असे. निजामाच्या राज्यात इंग्रजांनी 'हैदराबाद कंटिन्जंट' नावाची एक फौज उभी केली होती. फौज इंग्रजांच्या हुकमतीतली, पगार मात्र निजामाने द्यायचा. तो थकत गेला, थकबाकीची रक्कम फुगत गेली, आणि १८५३ सालच्या तहाने कंपनी सरकारने त्या देण्याच्या वसुलीसाठी वऱ्हाड आणि आणखी काही मुलूख आपल्या ताब्यात घेतला. १८६० साली बाकीचा मुलूख परत गेला. वऱ्हाड मात्र राहिले. पुढे १८७० नंतरच्या दशकात निजामाचे दिवाण सालारजंग ह्यांनी फौजेच्या खर्चापोटी रोख रक्कम ठेवतो, आमचा प्रांत आम्हांला द्या, अशी मागणी केली, तीही मानली गेली नाही. शेवटी १९०२ साली दरसाल २५ लाख रुपये खंड ठरवून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले. मालकी निजामाची, ताबा इंग्रजांचा. कागदावर मालक एक आणि प्रत्यक्षात वहिवाट दुसऱ्याची, असा हा प्रकार.

तुम्ही म्हणाल, विषय मोटारीच्या कर्जाचा आणि हे तहनाम्यांचे पुराण कशाला? पण थोडा धीर धरा. मालकी एकाकडे आणि ताबा दुसऱ्याकडे, ही जी गाठ १८५३ साली ह्या प्रांताला पडली, तीच आज हप्त्याने गाडी घेणाऱ्या प्रत्येकाच्या कागदात बसलेली असते. फरक इतकाच की तेथे उसनवार राजा होता, आणि येथे बडनेऱ्याच्या स्टेशनाबाहेर उभा राहणारा ऑटोवाला असतो.

आधी दोन शब्दांचा फरक ध्यानात घेऊ. ऐपत आणि पत. ऐपत म्हणजे आपल्याजवळ काय आहे, आणि पत म्हणजे दुसरा आपल्यावर किती विश्वास टाकतो. ऐपत घरात असते, पत दुसऱ्याच्या मनात आणि पुढे दुसऱ्याच्या वहीत असते. महिन्याकाठी हप्ता सहज भरू शकेल अशा माणसाला कर्ज मिळत नाही, ह्याचे नवल वाटायला नको. त्याला ऐपत आहे, पण त्याचे नाव कोणाच्या वहीत नाही, किंवा आहे ते तांबड्या शाईत आहे. अशा माणसाने गाडी कशी घ्यायची, हा प्रश्न मोटारीच्या फार आधीपासून वऱ्हाडात आहे. तेव्हा गाडीला बंडी म्हणत.

रेल्वे येण्यापूर्वी येथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून दूर उत्तरेला गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. अमरावतीच्या एका व्यापाऱ्याने १८४२ साली एक लाख बैलांवर कापूस लादून पाठवल्याची नोंद इंग्रजी गॅझेटियरात आढळते. आकडा गोल आहे हे खरे, पण व्यापार केवढा असेल त्याची कल्पना येते. पुढे रेल्वे भुसावळहून अकोला-बडनेऱ्यावरून निघून १८६७ साली नागपूरला पोहोचली. आता कापूस बैलाच्या पाठीवर पाचशे मैल न्यायचे कारण उरले नाही. तो फक्त शेतातून बाजारात आणि बाजारातून स्टेशनावर आणायचा. ह्या दहा-वीस मैलांना बंडी लागे.

येथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. ज्याच्याकडे बंडी आणि बैलजोडी, तो आपला कापूस अमरावतीच्या, कारंज्याच्या, अकोटच्या बाजारात घेऊन जाई, चार ठिकाणी भाव विचारी आणि मग माप घाली. ज्याच्याकडे नाही, त्याला गावातच, सावकार म्हणेल त्या भावाने कापूस घालावा लागे. म्हणजे बंडी ही मिरवण्याची वस्तू नव्हे. ती भाव मागण्याची ताकद होती. १८९७ साली वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. हिंदुस्थानातला अशा प्रकारचा हा पहिला कायदा. पण त्याचा लाभ घ्यायला माल बाजाराच्या फाटकापर्यंत न्यावा तर लागेल! ज्याची पत कमी त्याला बंडी मिळत नाही, बंडी नाही म्हणून भाव मिळत नाही, भाव नाही म्हणून कर्ज फिटत नाही, आणि कर्ज फिटत नाही म्हणून पत कमी. असे हे रहाट.

तरी लोक बंड्या घेत. सुताराकडून बंडी, लोहाराकडून चाकाला धाव, बाजारातून जोडी. ह्यांतली जोडी सगळ्यांत महाग. पैसा सावकाराचा. फेड कापूस निघाल्यावर. सावकाराला माणूस ठाऊक असे, त्याचा बाप ठाऊक असे, कोणाच्या घरात आजारपण आहे आणि कोणाची मुलगी लग्नाला आली आहे हेही ठाऊक असे. ही त्याची वही. आजच्या कुठल्याही यंत्रापेक्षा ती जास्त बोलकी होती, पण ती वाचायचा अधिकार एकट्या त्यालाच. ऋणकोला आपल्या नावापुढे काय लिहिले आहे ते दिसत नसे, आणि दिसले तरी वाचता येत नसे.

अमेरिकेत १८६१ साली यादवी सुरू झाली आणि तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना. इकडच्या कापसाचे भाव चार वर्षे असे चढले, की कापसाच्या मुलखात लोकांनी चाकांना चांदीच्या धावा चढवल्या अशा गोष्टी पुढे सांगितल्या जाऊ लागल्या. चांदीच्या धावेची गोष्ट अक्षरशः घ्यायचे कारण नाही. मला तीत एवढेच दिसते, की हातात पैसा आला म्हणजे माणसाचा पहिला हात गाडीकडे जातो. १८६५ साली यादवी संपली, भाव कोसळले. ह्याच दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची पाहणी-जमाबंदी होऊन जमीन खातेदाराच्या नावावर चढली होती, विकता आणि गहाण ठेवता येऊ लागली होती. म्हणजे तेजीत काढलेले कर्ज मंदीत वसूल करायला सावकाराला आयती जमीन सापडली. बंडीसाठी काढलेल्या पैशात शेत गेले, असे घडू लागले.

मग कायदे आले. ते कसे आले, हे पाहण्याजोगे आहे. १८८३ आणि १८८४ साली सरकारने तगाईचे दोन कायदे केले. पहिला विहिरी-बांधांसारख्या जमिनीच्या सुधारणेसाठी आणि दुसरा बी-बियाणे आणि गुरे घेण्यासाठी. दुसरा आपल्या कामाचा. गरीब माणसाला जोडी घेण्यासाठी सरकारने कमी व्याजाने कर्ज द्यावे, हे तत्त्व त्या कायद्यात होते. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडातली गुरे मोठ्या प्रमाणावर मेली, तेव्हा बैलाविना शेतकरी म्हणजे काय हे सरकारलाही डोळ्यांनी दिसले.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. दिवाणी व्यवहार संहितेत, आधी १८८२ च्या आणि मग १९०८ च्या, एक कलम आहे. १९०८ च्या संहितेत ते साठावे. ते असे म्हणते, की पैशाच्या हुकूमनाम्यात ऋणको शेतकरी असेल तर त्याची शेतीची अवजारे आणि त्याच्या उपजीविकेला न्यायालयाच्या मते लागतील तेवढी गुरे नि बियाणे ह्यांवर जप्ती आणता येणार नाही. कारागिराची हत्यारेही त्याच यादीत आहेत. म्हणजे सावकार कोर्टात जिंकला तरी गोठ्यातली जोडी सोडवून नेऊ शकत नव्हता. ज्याच्या जोरावर माणूस कर्ज फेडणार तेच ओढून नेले तर कर्ज फिटायचे कसे, हा साधा हिशेब त्या कलमाच्या मुळाशी आहे. हे कलम लक्षात असू द्या. पुढे मोटारीपाशी आपल्याला त्याची आठवण होणार आहे.

१९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. नावातच पत आहे. कल्पना अशी, की एकेकट्याला पत नसेल तर दहा जणांनी एकत्र यावे आणि सगळ्यांनी सगळ्यांच्या कर्जाला बांधून घ्यावे. एकाने बुडवले तर बाकीच्यांनी भरायचे. ह्याने माणूस पारखण्याचे काम सावकाराच्या ओसरीवरून शेजाऱ्यांच्या बैठकीत आले. कागदावर कल्पना उत्तम, पण शेजारीसुद्धा शेवटी ज्याला जमीन आहे त्यालाच आत घेत. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ ची जी देशव्यापी ग्रामीण पतपाहणी केली तीत आढळले, की शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के आणि सरकारचा ३.३ टक्के, तर धंदेवाईक सावकारांचा ४४.८ टक्के आणि शेतकरी-सावकारांचा २४.९ टक्के. पन्नास वर्षांच्या सहकारानंतर शंभरात तीन! ह्यावर भाष्य करायला नको.

मधल्या काळात आपल्या प्रांतात एक मोठे काम झाले. ते मात्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचा भाव पुन्हा बसला. कर्ज रुपयांत ठरलेले, ते तसेच राहिले. ते फेडायला जेथे एक बोजा लागायचा तेथे आता दोन लागू लागले. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारात तेव्हा डॉ. पंजाबराव देशमुख मंत्री होते. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे हे शेतकरी घराण्यातले गृहस्थ विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले. त्यांच्या पुढाकाराने १९३३ साली कर्ज लवाद कायदा झाला. देशातला ह्या जातीचा हा पहिला. पंजाब, बंगाल वगैरे प्रांतांनी नंतर कित्ता गिरवला.

ह्या कायद्याची रीत कशी होती पाहा. ऋणकोने मंडळाकडे अर्ज करायचा. मंडळ सगळ्या धनकोंना नोटीस देई, आपापले हिशेब मांडा. ज्याने मांडला नाही त्याचे नुकसान. मग मंडळ दोघांना समोरासमोर बसवी, ऋणकोची फेडायची ताकद किती ते पाही आणि रक्कम कमी करून तिचे वर्षावर्षाचे हप्ते पाडून देई. धनकोने रास्त तडजोड हट्टाने नाकारली तर मंडळ ऋणकोला तसा दाखला देई, आणि मग तो धनको कोर्टात गेला तरी त्याला दाव्याचा खर्च आणि मागेल तेवढे व्याज मिळत नसे. जबरदस्ती कोठेच नाही, पण नाही म्हणणे महागात पडेल अशी व्यवस्था. मला हा कायदा त्या काळातल्या फार शहाण्या कायद्यांपैकी वाटतो. त्याने पहिल्यांदा वही ऋणकोसमोर उघडायला लावली.

त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मंडळे आली, १९३४ साली सावकारीचा कायदा आला, १९३९ साली कर्जनिवारणाचा आला, आणि सावकारांनी हात आखडता घेतला. जुने कर्ज हलके झाले, नवे मिळेना. पत मोडकी असलेल्यांचे दुखणे नेहमी हेच असते. त्याला संरक्षण द्यावे तर दुकानदार दार लावून घेतो, दार उघडे ठेवावे तर आतला भाव परवडत नाही. ह्या पेचातून सुटण्याचा एक मार्ग व्यापारी जगाने शोधून काढला होता. त्याचे नाव भाडेखरेदी.

ही युक्ती इंग्लंडातली. शिवणयंत्रे आणि पियानो विकणारे दुकानदार वस्तू विकत नसत, भाड्याने देत. शेवटचे भाडे भरले की वस्तू गिऱ्हाइकाची. १८९५ साली एका पियानोवरून तिकडच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे तंटा गेला. भाड्याने घेतलेला पियानो एकाने मध्येच दुसरीकडे गहाण टाकला होता. निकाल असा लागला, की शेवटचा हप्ता भरेपर्यंत तो घेणाऱ्याचा नव्हेच, तेव्हा त्याला तो गहाण टाकताच येत नाही, मूळ मालकाने खुशाल परत घ्यावा. ह्या निकालाने धंद्याचे रूप पालटले. आता गिऱ्हाइकाची पत पाहायची फारशी गरज उरली नाही. वस्तू हीच तारण. हप्ता चुकला, वस्तू परत. मोटारगाडीला ही युक्ती चपखल बसली, कारण मोटार महाग असते, तिच्यावर नंबर असतो, आणि ती चालवून नेता येते.

असला व्यवहार समजायला आपल्याला विलायतेत जायला नको. मूर्तिजापूरला जावे. तेथून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला जाणारा जो अरुंद लोहमार्ग, ज्यावरच्या गाडीला लोक कौतुकाने शकुंतला म्हणत, तो किलिक निक्सन ह्या इंग्रज पेढीने काढलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा. गाडी चालवायची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने, रूळ ह्या कंपनीचे. देश स्वतंत्र झाला, १९५१ साली मध्य रेल्वे झाली, तरी रुळांची मालकी कंपनीकडेच राहिली आणि सरकारी रेल्वे तिला मोबदला देत राहिली. ह्या गाडीत बसून कित्येक पिढ्या गेल्या. गाडी सरकारचीच, असेच सगळे समजत. कागद वेगळेच बोलत होते.

स्वातंत्र्यानंतर मालमोटारींचा जमाना आला. १९६९ साली चौदा बँका सरकारच्या झाल्या, बँका तालुक्याच्या गावी आल्या, पण बँकेला कागद हवा. उत्पन्नाचा दाखला, जमीनजुमला, दोन जामीन. जुनी मालमोटार घेऊन धंदा मांडू पाहणाऱ्या ड्रायव्हरपाशी ह्यांतले काही नसे. त्याच्या वाट्याला दक्षिणेकडून आलेल्या वित्त कंपन्या गेल्या. १९७९ साली निघालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्स ह्या कंपनीने तर जुन्या ट्रकांना कर्ज देणे हाच मुख्य धंदा केला. बँक ज्याला दारात उभे करीत नाही तोही हप्ता फेडतो, एवढी गोष्ट ह्या धंद्याने दाखवून दिली. मात्र व्याज अर्थातच चढे. पत नसल्याची ती पट्टी.

आता आजची वही. २००० साली मुंबईत सिबिल नावाची संस्था निघाली, २००५ साली त्याबद्दलचा कायदा झाला, आणि आज अशा चार कंपन्या आपण कोठे, किती आणि कसे कर्ज फेडले ह्याची नोंद ठेवतात. तिच्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान एक आकडा काढतात. आपल्याकडे खेड्यापाड्यांतही 'सिबिल खराब हाय' असे लोक बोलतात, जसे पूर्वी 'त्याची पत गेली' म्हणत. ह्या वहीची एक गंमत आहे. जन्मात कोणाचा पैसा न घेतलेला माणूस, ज्याला आपले वाडवडील सर्वांत पतदार म्हणाले असते, त्याच्या नावापुढे ह्या वहीत आकडाच नसतो. त्यालाही दार बंद, आणि बुडव्यालाही बंद.

पण सावकाराच्या वहीपेक्षा ही एका बाबतीत निराळी आहे. ती तुम्हांला पाहता येते. २०१७ सालापासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा आपला पूर्ण उतारा फुकट दिला पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यात चूक असेल तर, म्हणजे फेडलेले कर्ज थकीत दाखवले असेल, किंवा दुसऱ्याचे कर्ज तुमच्या नावावर चढले असेल, तर तक्रार करायची. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर २०२४ पासून दिवसाला शंभर रुपये भरपाई तुमची. नाव, आडनाव आणि बापाचे नाव सारखे असलेली माणसे आपल्याकडे एकेका गावात पाच-पाच असतात. तेव्हा हा उतारा अवश्य पाहावा.

व्याजाविषयी एक हिशेब करून दाखवतो. पेन्सिल घेतली तरी चालेल. समजा, एक लाख रुपये कर्ज, तीन वर्षे, आणि दुकानात सांगितले 'बारा टक्के सरसकट'. म्हणजे वर्षाला बारा हजार, तीन वर्षांचे छत्तीस हजार, एकूण एक लाख छत्तीस हजार, छत्तीस हप्ते, महिन्याला सुमारे ३,७७८ रुपये. ऐकायला ठीक वाटते. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण लाखावरच लावले आहे, हे ध्यानात येते का? उरलेल्या मुद्दलावर व्याज धरून हाच हिशेब मांडला, तर दर वर्षाला एकवीस टक्क्यांच्या वर जातो. सावकार पैसे देतानाच व्याज कापून घेई, त्याला कटमिती म्हणत. नाव बदलले, हात तोच. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्याने सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर एका कागदावर लिहून दिला पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेने ठरवले आहे. सही करण्यापूर्वी तो कागद मागावा. न दिल्यास दुकान बदलावे.

हप्त्याची तारीख हीदेखील एक मोठी बाब आहे. हप्ता म्हणजे फारशीतला आठवडा. पुढे महिन्याच्या देण्यालाही तेच नाव पडले. पगारदाराला महिना ठीक आहे. पण कापूस दिवाळीच्या सुमारास निघू लागतो, संक्रांतीपर्यंत पैसा हातात येतो, आणि ज्येष्ठ-आषाढात घर रिकामे असते. सरकारने शेतसाऱ्याच्या किस्तीसुद्धा हंगाम पाहून बांधल्या होत्या. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही किंवा वार्षिक हप्ते मिळतात. मालवाहू गाडी घेणाऱ्या शेतकऱ्याने तेच मागून पाहावे. मागितले नाही तर कोणी आपणहून देत नाही. आणि आषाढातला एक हप्ता चुकला की वहीत डाग पडतो.

जामिनाविषयीही सांगतो. आपल्याकडे पाव्हण्याच्या शब्दाखातर माणूस जामीन राहतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामिनाची जबाबदारी ऋणकोइतकीच. हप्ता त्याने चुकवला तर डाग दोघांच्या नावाला, आणि धनको आधी जामिनाकडे आला तरी त्याला आडकाठी नाही.

आता त्या साठाव्या कलमाकडे वळू. जोडी जप्त होत नाही, मग ऑटो कसा जातो? उत्तर त्या पियानोत आहे. जो ऑटो अजून आपला झालाच नाही, त्याला ते कलम काय वाचवणार? भाडेखरेदीच्या करारात वाहन परत घेणारा चोर ठरत नाही, कारण त्याने आपलीच वस्तू नेली, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. परंतु घेण्याला रीत आहे. २००७ साली त्याच न्यायालयाने गुंड लावून गाडी ओढून नेणे बेकायदा ठरवले, आणि २०११ साली पुन्हा बजावले की करार काहीही असो, ताबा कायद्याच्या मार्गानेच घेतला पाहिजे. तरीही २०२२ साली झारखंडात हजारीबाग जिल्ह्यात वसुलीची माणसे ट्रॅक्टर नेत असताना एक गर्भवती मुलगी त्याखाली सापडून मेली. शेतकऱ्याची मुलगी. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने त्या वित्त कंपनीला काही काळ बाहेरचे वसुलीदार नेमण्याची बंदी केली. आणखी एक. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हा दामदुपटीचा जुना नियम महाराष्ट्राच्या सावकारी कायद्यात उतरला. पण रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले. म्हणजे बैलाच्या काळात मिळवलेली दोन्ही कवचे मोटारीच्या काळात अंगावर नाहीत. १९३३ सारखे, दोघांना समोरासमोर बसवून हप्ते नव्याने पाडून देणारे मंडळ गाडीवाल्यासाठी का असू नये, हे मला अजून कोणी पटेल असे सांगितलेले नाही.

मागे एकदा अमरावतीच्या राजकमल चौकातून बडनेऱ्याला ऑटोने निघालो होतो. ऑटो जुना, पण पुसून लख्ख ठेवलेला. मी सहज म्हटले, गाडी छान ठेवली. तो म्हणाला, "गाडी माह्या नावानं हाय साहेब, पन माही नाही. हप्ता चुकला का घेऊन जातेत." दोन वर्षांपूर्वी आईच्या आजारपणात दोन हप्ते थकले, तेव्हा दंडावर दंड चढला होता. सात हप्ते राहिले होते. मी विचारले, सातवा भरल्यावर काय करणार? "काय करायचं? सुटली ना गाडी."

नाही सुटत. नोंदणीच्या पुस्तकात धनकोचे नाव तसेच राहते. त्याच्याकडून ना-हरकत दाखला घ्यायचा, त्याच्या सहीचा पस्तीस नंबरचा फॉर्म घ्यायचा, आणि आर. टी. ओ. कचेरीत जाऊन ते नाव काढून आणायचे. न काढल्यास उद्या विकायला गेला तर गाडी अडते, आणि दाखल्यासाठी पुन्हा त्याच दारात हेलपाटे. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. स्टेशन आले तेव्हा मी खिशातल्या तिकिटाच्या पाठीवर 'फॉर्म ३५' असे लिहून दिले. त्याने ते वाचले, घडी घातली, आणि समोरच्या आरशामागे खोचून ठेवले.